औषध नाही, रीत आहे

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ताओवाद ही चीनची प्राचीन धर्मपरंपरा. तिच्यातलं ध्यान आणि ऊर्जासाधना यांचा खरा हेतू काय, हा आजचा विषय. वेळ पाऊण तास आहे, म्हणून प्रास्ताविक न करता थेट माझ्या तक्रारीवर येतो.

काही काळापूर्वी एका वर्गाचं पत्रक माझ्या हातात आलं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. ‘शरीरात ऊर्जा साठवा, वय थोपवा, कामात यश मिळवा’ असं त्यावर छापलं होतं. खाली शुल्क आणि शेवटी प्रमाणपत्र. मी गेलो. शिकवणारे मनापासून शिकवत होते, हालचाली चांगल्या होत्या, लोकांची पाठदुखी कमी होत होती. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण चहाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, ‘ही ऊर्जा साठवून पुढे काय करायचं?’ ते म्हणाले, ‘आणखी साठवायची.’

हे उत्तर मला अजून खुपतं. ज्या परंपरेच्या नावानं हे चालतं, तिचं सांगणं याच्या थेट विरुद्ध आहे. ही साधना जमवण्यासाठी नाही, परतण्यासाठी आहे. वाटेत प्रकृती सुधारते, झोप लागते, आयुष्यही कदाचित वाढत असेल. पण मुक्कामाचं ठिकाण ते नव्हे. आज मला एवढंच मांडायचं आहे. आधी एक गोष्ट सांगतो. ती माझी फार आवडती आहे, त्यामुळे थोडी लांबेल.

1219 साल. चंगीझ खान पश्चिमेच्या मोहिमेवर निघाला होता. वय साठीकडे झुकलेलं. अशा वेळी त्याच्या कानावर घालण्यात आलं की चीनच्या शानतुंग प्रांतात एक ताओवादी गुरू आहेत, त्यांचं वय तीनशेच्या वर आहे आणि न मरण्याची विद्या त्यांच्याकडे आहे. त्या गुरूंचं नाव छ्यू छूची. खरं वय सत्तरीचं. तरुणपणी ते पान्शीच्या खोऱ्यात सहा वर्षं एकटे राहिले, भिक्षेवर, अंगावर गवताची एक झूल पांघरून. नंतर लोंगमन डोंगरात सात वर्षं. तेरा वर्षं असं राहिलेल्या माणसाला कोण काय देऊन भुलवणार? उत्तरेकडच्या चिन राजवटीचं आणि दक्षिणेकडच्या सोंग दरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारलं होतं. खानाचं मात्र स्वीकारलं.

1220 साली ते निघाले, बरोबर अठरा-एकोणीस शिष्य. सुरुवातीलाच एक पेच आला. न्यायला आलेल्या अधिकाऱ्यानं खानाच्या जनान्यासाठी मुली गोळा केल्या होत्या आणि सगळ्यांनी एकाच तांड्यातून जावं असा त्याचा बेत होता. छ्यू छूचींनी साफ सांगितलं, मी डोंगरातला माणूस असलो तरी या तांड्याबरोबर येणार नाही. ऐन सैनिकी अंमलात, खानाच्या माणसाला! हा प्रसंग विसरू नका, शेवटी मला तो लागणार आहे.

मग मंगोलियाचं पठार, अल्ताई, तिएनशानची रांग, समरकंद. एक हिवाळा तिथे काढला. पुढे अमू दर्या ओलांडून 1222 साली हिंदुकुशाच्या पायथ्याशी खानाच्या छावणीत. हा सगळा प्रवास त्यांच्या एका शिष्यानं लिहून ठेवला आहे, म्हणून आपल्याला तो इतका बारकाईनं कळतो. खानानं बसायला सांगितलं, जेवायला घातलं आणि लगेच विचारलं, इतक्या लांबून आलात, माझ्यासाठी दीर्घायुष्याचं कोणतं औषध आणलंत?

समोर कोण बसलंय ते डोळ्यांपुढे आणा. बुखारा, समरकंद उद्ध्वस्त करून आलेला माणूस. एखाद्यानं गोळी काढून दिली असती आणि जीव वाचवला असता. छ्यू छूची म्हणाले, जीव जपण्याची रीत आहे, अमर होण्याचं औषध नाही.

खान रागावला नाही. खरं बोलल्याबद्दल त्यानं त्यांचं कौतुक केलं. त्याच वर्षी पुढे प्रवचनं झाली. त्यांतला एक सल्ला असा की हजार दिवस औषध घेण्यापेक्षा एक रात्र एकट्यानं झोपणं जास्त गुणाचं. हसताय, पण खानाच्या जनान्याचा पसारा आठवा म्हणजे हा सल्ला किती धाडसाचा होता ते कळेल. 1223 मध्ये रानडुकराच्या शिकारीत खान घोड्यावरून पडला. डुकरानं झडप घातली नाही. छ्यू छूची म्हणाले, हा वरून आलेला इशारा आहे, या वयात शिकार आवरा. खान म्हणाला, पटतं, पण आम्ही लहानपणापासून घोड्यावर, सवय एकदम कशी सुटेल? आणि तरी दोनेक महिने त्यानं शिकार बंद ठेवली. दोघेही 1227 मध्येच गेले.

छ्यू छूचींचे अवशेष पेइचिंगच्या श्वेतमेघ मंदिरात आहेत. त्याच मंदिरात 1886 साली कोरलेली एक शिळा आहे. तिच्यावरच्या चित्राची प्रत मी आणली आहे. पुढच्या रांगेतून मागे द्या, घडी पडू देऊ नका.

नीट बघा. बसलेल्या माणसाची एका बाजूनं दिसणारी आकृती आहे, पण आत हाडं-मांस नाही, एक आख्खा मुलूख आहे. डोकं म्हणजे डोंगररांग. पाठीचा कणा म्हणजे वर चढत जाणारी वाट, तिच्यावर तीन दरवाजे. पोटापाशी एक शेतकरी बैलानं नांगरतो आहे. मूत्रपिंडाच्या जागी एक मुलगी सूत कातत बसली आहे. हृदयापाशी एक मुलगा सप्तर्षींचे तारे ओवतो आहे. डोक्यात एक म्हातारा बसला आहे, तो लाओत्से, ताओवादाचा आद्य पुरुष. त्याच्या जवळ आकाशाला हात देऊन उभा असलेला निळ्या डोळ्यांचा परदेशी भिक्षू. त्याला बहुतेक अभ्यासक बोधिधर्म मानतात, म्हणजे आपल्याकडून गेलेला माणूस ताओवाद्यांच्या डोक्यात जाऊन उभा आहे! आणि अगदी खाली, कण्याच्या बुडाशी, एक मुलगा आणि एक मुलगी पायांनी रहाट चालवताहेत. पाणी खाली वाहून जायच्या बेतात आहे, ती दोघं ते वर चढवताहेत.

सगळी साधना त्या रहाटात आहे... अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. जे सांगायला आलो ते आता भरभर सांगतो.

सुरुवातीला चीनमध्येही लोक अमरत्वाचं औषधच शोधत होते. हिंगूळ, पारा, शिसं भट्टीत घालून गोळ्या करायचे. तांग घराण्याचे सम्राट मूत्सोंग 824 मध्ये आणि वूत्सोंग 846 मध्ये अशाच गोळ्यांनी गेले असं मानलं जातं. हळूहळू भट्टी शरीराच्या आत गेली. मूस, विस्तव, पारा, शिसं हे शब्द तेच राहिले, अर्थ आतला झाला. त्यामुळे या ग्रंथांत ‘पारा शिजवा’ आलं की घाबरू नका, ते मनाबद्दल बोलत आहेत.

त्यांची मांडणी अशी. माणसात तीन ठेवी आहेत. ‘चिंग’ म्हणजे बीजसत्त्व, ‘ची’ म्हणजे श्वासाबरोबर फिरणारी प्राणशक्ती, ‘शन’ म्हणजे जाणिवेचं तेज. जन्माचा ओघ शून्याकडून जाणिवेकडे, तिथून प्राणाकडे, तिथून बीजाकडे येतो आणि मग इंद्रियांच्या वाटेनं बाहेर सांडून संपतो. त्यांचं वचन आहे, ओघाबरोबर गेलं तर माणूस, उलट गेलं तर सिद्ध. म्हणून पहिली पायरी पाया घालण्याची: झोप, आहार, वासना, श्वास ताळ्यावर आणणं. गळक्या हंड्यात पाणी भरून उपयोग नाही, आधी तो सांधायला हवा. मग लक्ष बेंबीखालच्या जागी ठेवायचं, दानतिएनमध्ये. ओढूनताणून नाही, कोंबडी अंड्यावर बसते तितक्या सहज, असं ते म्हणतात. तिथे ऊब येते, प्रवाह कण्यानं वर आणि पुढच्या अंगानं खाली फिरू लागतो. बीजाचा प्राण, प्राणाची जाणीव, आणि शेवटी जाणीवही शून्यात परतते. आजचे बहुतेक वर्ग ती ऊब आणि प्रवाह आला की थांबतात. खरं काम तिथून सुरू होतं.

इथे तुमच्यातल्या पुष्कळांना ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवला असणार. ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु’. देहानंच देह गिळायचा, हे नाथपंथाचं मर्म. दोन्ही वाटा एकच आहेत असं मी म्हणणार नाही. भाषा वेगळी, शरीराचा नकाशा वेगळा, दैवत वेगळं. पण शरीर साधून शरीरातच थांबायचं नाही, हा आग्रह दोन्हीकडे आहे.

हा आग्रह चीनमध्ये जुना आहे. च्वांगत्से या प्राचीन ताओवादी विचारवंताच्या नावानं चालणाऱ्या ग्रंथात श्वासाची उलाढाल करणारे, अस्वलासारखे लोंबकळणारे, पक्ष्यासारखे ताणणारे लोक येतात, आणि हे केवळ आयुष्य वाढवण्यासाठी चाललं आहे म्हणून ग्रंथकार त्यांना बाजूला ठेवतो. त्या हालचाली खऱ्याच होत्या. चीनमधल्या मावांगतुईच्या 1973 साली उघडलेल्या कबरीत, जी इ.स.पू. 168 मध्ये बंद झाली होती, रेशमावर अशा 44 आकृत्या सापडल्या. त्याच ग्रंथात दुसरीकडे ‘बसून विसरणं’ येतं: अंग गळून पडतं, हुशारी गळून पडते, माणूस सर्वव्यापी प्रवाहाशी एक होतो. पुढच्या साधकांनी हे दोन धागे एकत्र विणले, ‘मिंग’ म्हणजे देहप्राणाचं अंग आणि ‘शिंग’ म्हणजे मूळ स्वभावाचं अंग. ल्यू तोंगपिन या सिद्धाच्या नावावर असलेल्या एका कवनात बजावलं आहे की नुसतं मिंग साधणं आणि शिंग सोडणं हा साधनेतला पहिला रोग. पुढच्याच ओळीत उलट चूकही सांगितली आहे: देह वगळून नुसत्या स्वभावाच्या मागे लागलेलाही पोचत नाही. कुणाच्या वर्गात गेलात तर हा एक प्रश्न विचारा: इथे शिंगचं काय शिकवता?

1950च्या दशकात चीनमधल्या आरोग्यकेंद्रांनी या पद्धती उचलल्या, धर्म बाजूला काढला आणि ‘छिकोंग’ नावानं उपचार म्हणून चालवल्या. 1980च्या दशकात तर बागाबागांतून त्याची लाट आली. लाखो लोकांना व्यायाम मिळाला, हे चांगलंच झालं. पण जगभर जे पोचलं ते हे अर्धं.

दुसरं अर्धं कसं दिसतं? मघाच्या तांड्याचा प्रसंग आठवा. ज्याला काही मिळवायचं उरलं नाही, तोच खानाच्या माणसाला नाही म्हणू शकतो आणि खानाला ‘औषध नाही’ सांगू शकतो. परत आल्यावर छ्यू छूचींच्या हाती खानाचा हुकूम होता, ताओवादी साधकांना कर आणि वेठ माफ. त्यांनी शिष्यांना लढाईनं उजाड झालेल्या प्रदेशात पाठवलं, लोकांना साधक म्हणून आपल्या पंखाखाली घ्यायला. गुलामीतून सुटलेले आणि मरता मरता वाचलेले असे वीस-तीस हजार लोक होते, असं युआन या चीनमधल्या मंगोल राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंदवलं आहे. तेरा वर्षं डोंगरात बसून त्या माणसानं काय साधलं असं कुणी विचारलं, तर मी त्या नोंदीकडे बोट दाखवतो.

वेळ संपली. चित्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं का? ज्यांनी नीट पाहिलं नाही त्यांनी थांबा, आणि प्रश्न असतील तर आता विचारा.