दात इंग्लंडचे, प्रबंध तासगावचा

(सांगलीत विश्रामबागेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागचे पुढे या की, पुढच्या खुर्च्या चावत नाहीत. पत्रिकेवर विषय छापलाय, 'जागतिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण : संधी आणि प्रवेशप्रक्रिया'. त्यावर मी येणार आहे, संयोजकांना तसा शब्द दिलाय. पण आधी एक जुनं दुखणं मोकळं करू द्या.

मी मुळात दातांची डॉक्टर. गाव तासगाव तालुक्यात. बीडीएसनंतर चार वर्षं दवाखाना चालवला आणि मग ग्लोबल हेल्थमध्ये एमएससी करायला इंग्लंडला गेले. आईनं गल्लीत सांगून टाकलं, 'पोरगी लंडनला दात शिकायला गेलीय.' शेजारच्या काकू म्हणाल्या, 'इथले दात संपले काय?'

दुसऱ्याच महिन्यात माझीच दाढ ठणकायला लागली. सरकारी योजनेतले सात दवाखाने फोन करून झाले. सगळीकडं एकच उत्तर : नवीन पेशंट घेत नाही. खासगीत जायचं तर महिन्याचं भाडं गेलं असतं. त्याच सुमारास पेपरात वाचलं, तिथले लोक घरी पक्कड घेऊन स्वतःचे दात उपटतात. आता ही एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, 1948 ला सगळं मोफत म्हणून सुरू झालेली. आणि 1951 ला सरकारनं कवळ्यांना आणि चष्म्यांना पैसे लावायचं ठरवलं, तेव्हा ती योजना उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हननं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीवरून राजीनामा! आपल्याकडं कवळी बसली तरी कुणी राजीनामा देत नाही. (हशा) असू दे, विषय तो नाही.

मला वाटलं, प्रबंध सापडला. श्रीमंत देशातल्या माणसाला दातांचा डॉक्टर का मिळत नाही? मार्गदर्शकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'चांगलं आहे, पण हे ग्लोबल हेल्थ नव्हे. तुला भारतात सहज शिरता येतं, त्याचा उपयोग कर.' माझ्या शेजारी बसणारी मुलगी लीड्सची, ती मलावीला निघाली होती. एक डच मुलगा नेपाळला. अख्ख्या वर्गात इंग्लंडवर एकही प्रबंध नव्हता.

मग मी मुकाट्यानं मिश्री घेतली. म्हणजे विषय म्हणून! भाजलेला तंबाखू, तोंडाच्या कर्करोगाला आवतण; तुमच्यातल्या निम्म्यांच्या आज्यांनी लावलेली आहे. सुजलेला गाल आणि चौदा पानांची प्रश्नावली घेऊन मी गावाकडं आले. पहिल्याच घरात एक आजी. 'दिवसातून किती वेळा लावता? एक ते दोन, तीन ते पाच?' आजीचं लक्ष माझ्या गालाकडं. तिनं डबी पुढं केली. 'हे घे बाई, लाव जरा दाढंला. ठणका ऱ्हातोय.'

मी विचारलं, तुम्ही पण अशीच सुरुवात केली का? तर हो. दाढ दुखत होती, डॉक्टर लांब, मिश्री चुलीजवळ. पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्या घरात तेच. आणि माझ्या चौदा पानांत या उत्तराला चौकटच नव्हती. 'अज्ञान' होतं, 'परंपरा' होती, 'इतर' होतं. तिकडं पक्कड, इकडं मिश्री, प्रश्न तोच : दातांचा डॉक्टर मिळत नाही. दोन्ही गावं एका प्रबंधात घेता आली असती. घेऊ दिली नाहीत. दाढ मी तासगावातच काढली. वर्गमैत्रिणीनं पैसे घेतले नाहीत, पण टोमणे भरपूर मारले.

हे असं का, याला इतिहास आहे. लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय रोगांची शाळा 1898 ची, लंडनची 1899 ची. साम्राज्याचे व्यापारी, खलाशी, अधिकारी आपल्या हवेत टिकावेत म्हणून काढलेल्या. पुढं या विषयाची पाटी बदलली, 'ट्रॉपिकल'चं 'इंटरनॅशनल' झालं, मग 'ग्लोबल'. दुर्बीण मात्र अजून आपल्याच अंगणाकडं.

आणि ती उलटी फिरवली कुणी? सांगलीनं! आमच्या वर्गात एका तासाला पडद्यावर 'सांगली' आलं. बाईंनी उच्चार 'सँगली' केला, मी उभी राहून दुरुस्त केला. 2005 मध्ये अमेरिकेची अट होती, एचआयव्हीसाठी आमचा पैसा हवा तर वेश्याव्यवसायाच्या विरोधात लेखी भूमिका घ्या. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्याच विरोधात सही करायची? वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत एचआयव्हीवर काम करणाऱ्या इथल्या 'संग्राम' संस्थेनं तो पैसा नाकारला. 2013 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. 2020 ला मात्र सांगितलं, परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही. म्हणजे आपल्याला नाही. या बायकांची वस्ती, आपलं गोकुळनगर, इथून रिक्षानं किती लांब आहे? तुमच्यातलं कोण…

चिठ्ठी आली. 'मॅडम, 5 मिनिटे.' बरं, लिहून घ्या पटापट.

एमबीबीएसच लागतं असं नाही. बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, समाजशास्त्र, सांख्यिकी, सगळ्यांना दार उघडं आहे, फक्त प्रत्येक ठिकाणची अट वाचा. ब्रिटनमध्ये बहुधा एक वर्ष, आपल्याकडं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. मुंबईत टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिरुअनंतपुरमला सार्वजनिक आरोग्य शिकवणारं अच्युत मेनन केंद्र आहे. कर्ज काढून परदेशी जाण्याआधी ही दोन बघा. शिष्यवृत्ती : ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं बंधन असतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सांख्यिकीला घाबरू नका. पावसाळ्यात आयर्विन पुलाचं पाणी किती फुटांवर आलं हे दर तासाला बघणारे तुम्ही, 45 ला धोका हे पाठ असणारे. साथीवर पाळत ठेवणं म्हणजे दुसरं काय?

नोकरीचं खरं सांगते, गुळमुळीत नाही. 2025 मध्ये अमेरिकेनं यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था, गुंडाळली. त्या पैशावरच्या नोकऱ्या गेल्या. 'यूएनमध्ये लागेल' या आशेवर वडिलांची द्राक्षबाग गहाण टाकू नका. आणि प्रवेशाच्या मुलाखतीत त्यांनी शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हटलं, की एवढंच विचारा : मला प्रबंध तुमच्या देशावर करता येईल का?

हो, हो, थांबते. आयईएलटीएसचं, त्या इंग्रजीच्या परीक्षेचं, मला विचारू नका, बाहेर क्लासवाले पत्रकं वाटतायत.