आपण परदेशी, मोती घरी

श्रोतेहो, नमस्कार.

मुलीचं बाळंतपण अमेरिकेत, तारीख ऑगस्टमधली. आई-बाबांनी जूनमध्ये निघायचं, दिवाळीनंतर परतायचं. पुणे, नाशिक, सांगली, कुठल्याही शहरातल्या सोसायटीत अशी दोन-तीन घरं आज सहज सापडतील. व्हिसा होतो, तिकिटं होतात, डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतविडा सगळं बांधून होतं. आणि निघायला पंधरा दिवस उरले की कुत्र्याला घेऊन मंडळी माझ्या दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, आता याचं काय करायचं?" मी प्राण्यांची डॉक्टर आहे. हा प्रश्न तीन महिने आधी यायला हवा, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

बरोबर नेता येईल का, हे पहिलं विचारलं जातं. येतं, पण सोपं नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांसाठी नियम कडक केले. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत आहे. त्यामुळे इथे लस दिलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली रक्ततपासणी आणि तिथल्या ठरावीक केंद्रात आधीपासून आरक्षण, असं सगळं लागतं. युरोपात जायचं तर रक्त दिल्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. कायमचं स्थायिक व्हायला जाणाऱ्यांनी ही खटपट जरूर करावी. पाच महिन्यांसाठी दहा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला विमानाच्या पोटातून नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

मग इथे ठेवायचं ते कुठे? बोर्डिंगमध्ये आठ-दहा दिवस ठीक. पाच महिने पिंजऱ्यांच्या रांगेत राहिलेली कुत्री मी पाहिली आहेत. खोकला घेऊन येतात, पंजे चाटून चाटून लाल केलेले असतात. मांजराला तर घराबाहेर हलवूच नये. नव्या जागी ते कपाटामागे दडून बसतं आणि खाणं सोडतं. जाड मांजराने तीन-चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकतं.

आणखी एक पद्धत सर्रास चालते, आणि तिचा मला मनापासून त्रास होतो. कामवाल्या मावशींकडे चावी द्यायची. त्या सकाळी येणार, झाडांना पाणी घालणार, कुत्र्यापुढे दहीभात ठेवणार, पाच मिनिटं खाली नेणार आणि जाणार. म्हणजे माणसात वाढलेलं जनावर दिवसाचे तेवीस तास बंद फ्लॅटमध्ये एकटं. मावशींचा यात काही दोष नाही, त्यांना आणखी चार घरची कामं असतात. पण याला सांभाळणं म्हणता येत नाही. कुत्रा घरी ठेवायचा असेल, तर घरात रात्री झोपणारं माणूस हवं. घराची राखण त्याच माणसाकडून आपोआप होते. दिवे लागतात, नळ वाहता राहतो, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरत नाही, गच्चीवरच्या पन्हाळीत पाला अडकला की कळतं.

असा माणूस मिळतो कुठे? परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाजवळ राहत असाल, तर तिथे विचारून पाहा. शिकणाऱ्या मुलांपैकी कुणी तयार होतं. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चौघं. त्यांतल्या एखाद्याला शांत घर मिळालं तर सोनंच. फक्त तो सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन रात्री दहाला परतणारा नाही ना, हे विचारून घ्या. नात्यातली एकटी राहणारी आत्या, घरून काम करणारं तरुण जोडपं, नुकते निवृत्त झालेले शेजारी, हेही पाहावेत. तुमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचाराच. कोण कुत्र्याला कसं हाताळतं, हे आम्ही रोज बघत असतो.

माणूस भेटायला आला की चहा देऊन प्रश्न विचारत बसू नका. पट्टा त्याच्या हातात द्या आणि तिघं मिळून फिरायला निघा. कुत्रा खांबाशी थांबून हुंगायला लागला की हा थांबतो की ओढतो? समोरून भटकी कुत्री आली तर पट्टा आखडून घेतो, की रस्ता बदलतो? मोबाईल किती वेळा खिशातून निघतो? मला विचाराल तर त्या वीस मिनिटांत निम्मं कळतं. उरलेलं रंगीत तालमीत कळतं. निघण्याच्या महिनाभर आधी दोन-तीन रात्री तुम्ही खरोखर घराबाहेर जा, कोल्हापूरला जा, बहिणीकडे जा, आणि या माणसाला घरी राहू द्या. परत आल्यावर बघा. कुत्र्याने ताटली पुसून खाल्लं होतं का? मांजराच्या मातीचं भांडं साफ झालं होतं का? पहिल्या दिवशी कुत्रं कमी खाईल, ते चालायचंच. तिसऱ्या दिवशीही दाराकडे तोंड करून उपाशी बसलं असेल, तर दुसरा माणूस शोधायला अजून वेळ असतो. तालीम आधी करायची ती एवढ्यासाठीच.

कागदपत्रं थोडक्यात सांगते. भाडं घेणार असाल, तर लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. भाडं घेणार नसाल तरी कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी राहणार, हे दोघांच्या सहीने लिहा. पोलीस ठाण्यात त्याची माहिती द्या, सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र द्या, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड एका फाइलमध्ये ठेवा. घराचा विमा असेल तर कंपनीलाही कळवा. घर महिन्याहून जास्त रिकामं राहिलं तर काही पॉलिसींमध्ये भरपाईला अडचण येते. कुणी राहणार आहे हे त्यांच्याकडे नोंदलेलं बरं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर आज माइकसमोर बसले, ती सांगते. चावी दिलीत, तर निर्णय घेण्याचा अधिकारही द्या.

जून ते नोव्हेंबर म्हणजे गोचिडांचे महिने. गोचीड चावते आणि त्यातून ताप येतो. सुरुवातीला कुत्रं फक्त मलूल दिसतं, अर्धी पोळी ठेवून देतं. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, लघवी गडद होते. वेळेवर औषध सुरू झालं तर बहुतेक कुत्री बरी होतात. दोन दिवस वाया गेले तर रक्त चढवायची वेळ येते. समजा, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेत आणि सांभाळणाऱ्या मुलाच्या लक्षात आलं की हिरड्या पांढऱ्या आहेत. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दीड वाजलेले असतात. तुमचा फोन सायलेंटवर, शेजारी तान्हं बाळ झोपलेलं. तो मुलगा तुम्हाला मेसेज टाकतो आणि वाट बघत बसतो, कारण खर्चाला हो म्हणायचं की नाही हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. अशी वाट बघण्यात गेलेली दुपार माझ्या दवाखान्यात फार महागात पडलेली मी पाहिली आहे.

म्हणून निघण्याआधी त्याला घेऊन डॉक्टरांकडे या. ओळख करून द्या. आमच्याकडे एक पत्र ठेवा: हा माणूस माझ्या वतीने उपचारांना संमती देईल, इतक्या रुपयांपर्यंत मला न विचारता खर्च करावा, भूल द्यायची वेळ आली तर द्यावी. काही रक्कम दवाखान्यात किंवा त्याच्या खात्यात आगाऊ ठेवा. आणि अवघड आहे, तरी हेही लिहा, की जनावर वाचण्यापलीकडे गेलं तर काय करायचं. हे वाक्य लिहिताना डोळ्यांत पाणी येतं हे मला माहीत आहे. ते तुम्ही लिहिलं नाहीत, तर त्याचं ओझं एका बावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर जातं.

फ्रिजवर एक कागद लावा. डॉक्टरांचा नंबर, रात्रीच्या दवाखान्याचा नंबर, गोचिडांच्या गोळीची तारीख, जंताच्या औषधाची तारीख. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा-लसूण द्यायचं नाही, हे ठळक लिहा. घरात मनुका घातलेला शिरा झाला की कुणीतरी प्रेमाने घास पुढे करतंच.

गणपती आणि दिवाळी तुमच्या मागे येणार, याचाही विचार करा. ढोल-ताशे आणि सुतळी बाँबला घाबरून कुत्री पट्टा तोडून पळतात. गळपट्ट्यावर सांभाळणाऱ्याचा मोबाईल नंबर असू द्या. तुमचा भारतातला नंबर तेव्हा बंद असेल. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी अंधार पडायच्या आत फिरवून आणायचं, खिडक्या लावून टीव्ही चालू ठेवायचा. कुत्रं फारच भेदरत असेल, तर आधी दाखवून औषध घेऊन ठेवा.

पण दिवाळी त्या माणसाचीही असते. त्याला चार दिवस गावी जायचं असेल. तेव्हा कोण येणार, हे जूनमध्येच ठरवा, आणि त्या दुसऱ्या माणसालाही कुत्र्याची ओळख करून द्या. पैशाचंही मोकळेपणाने बोला. "राहायला फुकट मिळतंय की" म्हणून विषय संपवू नका. रोज दोनदा फिरवणं, स्वच्छता, औषधं, रात्रीची झोपमोड, हे काम आहे आणि त्याचा महिन्याच्या महिन्याला मोबदला ठरलेल्या तारखेला पोचला पाहिजे. वीजबिल, गॅस, किराणा कुणाचा, तेही लिहा.

परत याल तेव्हा विमानतळावरून थेट घरी येऊन त्याला त्याच संध्याकाळी निरोप देऊ नका. दोन दिवस राहू द्या. तुमची झोप उलटी झालेली असते, पहाटे पाचला कुत्र्याला न्यायला कुणीतरी हवंच असतं. आणि पाच महिन्यांत त्या दोघांचं जे जमलेलं असतं, ते एका दिवसात तोडणं कुत्र्यालाही कळत नाही. त्या दोन दिवसांत हिशेब करा, औषधं कधी कुठली दिली ते विचारून घ्या, आणि आठवड्याभरात एकदा तपासणीला दवाखान्यात घेऊन या. येताना त्यालाही बरोबर आणा. तुम्ही नसताना काय काय झालं, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचं असतं.

नमस्कार.