ओढण्यासाठीच शिवलेला कपडा

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे लढणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसाबद्दल. संध्याकाळी ज्युदोच्या मॅटवर स्पर्धक, सकाळी कटिंग टेबलावर फॅशन डिझायनर. कोल्हापूरला यात बिचकण्यासारखं काही नाही. मोतीबाग, गंगावेश या तालमी आपल्या गावातल्या, आणि मागांची इचलकरंजी हाकेच्या अंतरावर.

कुस्तीत पकड बहुतेक अंगाची. ज्युदोत पकड कापडाची. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्युदोचा पोशाख, म्हणजे ज्युदोगी, हा ओढण्यासाठीच शिवलेला कपडा. जाकिटाचा वरचा भाग तांदळाच्या दाण्यासारख्या उठावाचा, जाड सुती. कमरेखाली शंकरपाळ्याच्या नक्षीचं हलकं विणकाम. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या जाकिटाच्या कापडाचं वजन चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅम. साध्या सदऱ्याच्या कितीतरी पट. त्यामुळे १८ नंबरची सुई, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा, आणि खांद्यावर, काखेत काठ दुमडून वरून दोन समांतर टिपा. एका टिपेवर भागवलं की पहिल्याच आठवड्यात काख उसवते. तिथे चौकोनी तुकडा घालायचा, म्हणजे हात वर जाताना जाकीट वर चढत नाही. पायजम्याला आसनाच्या जागी पतंगाच्या आकाराचा तुकडा, आणि गुडघ्यावर दुहेरी कापड.

दोन्ही कामांचं भांडण होतं ते बोटांवर. कॉलर धरून धरून बोटांचे सांधे सुजतात. दुसऱ्या दिवशी हातशिलाई, काजं, काही जमत नाही. म्हणून जड सराव झाला की पुढची सकाळ मशिनची. बारीक हातकाम सुट्टीनंतरच्या सकाळी. नखं तर कापलेलीच हवीत, समोरच्याला ओरखडा नको. मग दुमड दाबायला नख मिळत नाही, तिथे गुळगुळीत लाकडी पट्टी वापरायची. आणि सुई टोचलेलं बोट टेप लावल्याशिवाय मॅटवर न्यायचं नाही. रक्त दिसलं की पंच लढत थांबवतात.

आता गोष्ट. खरं सांगायचं तर हीच सांगायला मी माइकसमोर बसलोय.

साल १९६४. टोकियो ऑलिम्पिक. ज्युदो पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये, तेही त्याच्या जन्मभूमीत. निप्पॉन बुडोकान ही मोठी वास्तू खास त्यासाठी उभी केलेली. वजनी गट फक्त चार, आणि पहिल्या तिन्ही गटांचं सोनं जपानकडे गेलेलं. उरला खुला गट. आपल्याकडच्या खुल्या मैदानी कुस्तीसारखं, वजन कितीही असो. २३ ऑक्टोबर, अंतिम लढत. एका बाजूला जपानचा अकिओ कामिनागा. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्सच्या उट्रेख्त गावचा अँटन गेसिंक, उंची सहा फूट सहा इंचांच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये जागतिक विजेता झालेला, आणि तो मान मिळवणारा जपानबाहेरचा पहिलाच. दोघंही पांढऱ्या ज्युदोगीत. हो, दोघंही पांढऱ्यात. हे लक्षात ठेवा.

अख्खा जपान श्वास रोखून. नऊ मिनिटं बावीस सेकंदांनी निकाल लागला. गेसिंकनं कामिनागाला खाली घेतलं, मानेला हाताचा वेढा घातला, अंग तिरकं टाकून दाबून धरलं. तेव्हाच्या नियमाने तीस सेकंद धरलं की लढत संपली. कामिनागा धडपडला, सुटला नाही. सभागृह सुन्न. आणि त्या क्षणी गेसिंकचे देशबांधव आनंदाच्या भरात मॅटकडे धावले. गेसिंक अजून प्रतिस्पर्ध्यापासून पुरता उठलाही नव्हता. त्यानं हात उंचावला आणि त्यांना तिथेच थांबवलं. आधी नमस्कार, मग जल्लोष. जपानी माणसं त्याच्या विजयापेक्षा त्या हाताचीच आठवण जास्त काढतात. आपल्या मैदानात कुस्ती निकाली झाली की पैलवानाला खांद्यावर घेऊन धावायची इतकी घाई असते की हरलेल्याशी हातमिळवणी करायलाही जागा राहत नाही. असो, तो वेगळा विषय.

गोष्ट इथं संपत नाही, श्रोतेहो. मी सांगतोय ते कपड्याचं. याच गेसिंकनं पुढं १९८६ मध्ये मास्ट्रिख्तला आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघापुढे प्रस्ताव ठेवला: दोघांपैकी एकाचा पोशाख निळा करा. का? दोन पांढरी जाकिटं एकमेकांत गुंतली की कोणता हात कुणाचा, पाय कुणाचा, हे लांबून कळत नाही. पंचाची गफलत होते आणि टीव्हीवर बघणारा गोंधळतो. आम्हा रेडिओवाल्यांना ती अडचण नाही म्हणा! जपानमधून कडाडून विरोध झाला. पांढरा म्हणजे शुद्धता, रंगीत कपडा कशाला? शिवाय प्रत्येकाला दोन जोड घ्यावे लागणार, त्याचा खर्च. ज्यानं जपानला जपानमध्ये हरवलं, त्यानंच त्यांच्या पांढऱ्यालाही हात घातला, हे किती झोंबलं असेल! अकरा वर्षं वाद चालला. १९९७ मध्ये महासंघानं निळा मान्य केला आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये निळं जाकीट दिसलं. हल्ली पहिलं नाव पुकारलेला पांढऱ्यात, दुसरा निळ्यात.

पांढऱ्याचा हट्ट आपल्याकडेही आहेच. जूनच्या पावसात पोरांना पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे करणाऱ्यांनी एकदा तरी ते स्वतः घासावेत.

तर एका लढवय्यानं केलेला हा डिझाइनचा निर्णय, आणि त्याचा भार आज प्रत्येक खेळाडूच्या पिशवीत आहे: एक पांढरा, एक निळा. दोन्ही जोड एकाच मापानं कापले तरी धुतल्यावर सारखे राहतीलच असं नाही. रंगवताना कापड गरम पाण्यातून गेलेलं असतं, त्यामुळे निळं आणि पांढरं वेगवेगळं आटतं. उपाय सोपा. दोन्ही कापडांवर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, तीन वेळा धुवून वाळवा, मग मोजा. ५० चे ४७ झाले तर आटणं सहा टक्के. बाही ६० सेंटीमीटर हवी असेल तर ६४ कापायची. पुन्हा सांगतो, तीन वेळा धुवा, मग कापा. एका धुण्यावर विसंबलं की चौथ्या धुण्यानंतर बाही मनगटाच्या वर जाते आणि तपासणीत जाकीट बाद होतं.

कारण तिथे चौकट घेऊन मोजतात. हात पुढे ताणल्यावर बाही मनगट झाकणारी हवी. बाही आणि हातामध्ये १० ते १५ सेंटीमीटर मोकळी जागा. घट्ट बाही समोरच्याला धरता येत नाही, म्हणून ती लबाडी समजतात. कॉलर ४ सेंटीमीटर रुंद, जाडी एकापेक्षा जास्त नाही. ज्यादा कडक कॉलर हीही तीच लबाडी. छातीवर दोन्ही बाजू एकमेकींवर किमान २० सेंटीमीटर याव्यात. फॅशन डिझाइनच्या पोरांनी आधी हे आकडे पाठ करावेत, सुंदर चित्रं नंतर काढावीत.

राहता राहिला पट्टा. रुंदी ४ ते ५ सेंटीमीटर, आणि गाठीपासून टोकं २० ते ३० सेंटीमीटर लोंबली पाहिजेत. पट्टा जाकिटावरून कमरेला दोन वेढे घेतो. वजन गाठायला खेळाडूनं कंबर ४ सेंटीमीटर उतरवली की दोन वेढ्यांतले ८ सेंटीमीटर सुटतात, प्रत्येक टोक चारानं लांबतं. सत्तावीसचं टोक एकतीस, म्हणजे नियमाबाहेर. म्हणून जाकिटाचं माप स्पर्धेच्या वजनावर घ्यायचं, आणि पट्टा सगळ्यात शेवटी कापायचा.