आजीची वाटी

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी साडेसहाला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिरलं की आधी वास यायचा तो उकड्या तांदळाच्या पेजेचा. मोठ्या टोपात पेज रटरटत असायची आणि दारामागच्या फळ्यावर खडूने आकडे लिहिलेले असायचे. साधा आहार इतके, मऊ आहार इतके, मधुमेहाचे इतके, बिनमिठाचे इतके, नळीवाटे अन्न घेणारे इतके. आहारतज्ज्ञ व्हायचं तर पदवीच्या पुढचं शिक्षण झाल्यावर सहा महिने रुग्णालयात उमेदवारी करावी लागते, मगच नोंदणीची परीक्षा देता येते. माझे ते सहा महिने इथे, रत्नागिरी जिल्ह्यात, भर पावसाळ्यात गेले. त्या दिवसांतलं थोडं आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिल्याच महिन्यात एक आजी दाखल झाल्या. हृदय कमजोर झालेलं, पावलं सुजलेली, उताणं निजलं की धाप लागायची. मी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं, छापील कागद हातात दिला. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने धडधाकट माणसाला घालून दिलेली मर्यादा आहे. आजींना त्याहून कमी हवं होतं. त्या म्हणाल्या, "बाय गो, मी जेवणात मीठ घालतच नाय आता." मी वहीत लिहिलं, 'मीठ बंद.' आजी घरी गेल्या आणि बारा दिवसांत पुन्हा सुजून आल्या.

आमच्या मॅडम मला रागावल्या नाहीत. स्टूल ओढून त्या खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं ते सांगा बघू." चहा झाला. पेज झाली. "पेजेबरोबर काय?" "काय असणार? खाऱ्या बांगड्याचा तुकडा, चुलीत भाजून." दुपारी भात आणि सोलकढी. "सोलं भिजवता की आगळ घालता?" "आगळ." मी शेजारी उभी राहून ऐकत होते आणि माझे कान तापले होते. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद, ताजं म्हावरं मिळायची मारामार, घरोघरी खारवलेलंच निघतं. बांगडा खारवायला मीठ लागतं, आगळ म्हणजे कोकमाचा रस, तो टिकायलाही मीठच लागतं. आजी खोटं बोलल्या नव्हत्या. आमटीत त्या खरंच मीठ घालत नव्हत्या. मी प्रश्नच अर्धा विचारला होता. या चौकशीला आमच्याकडे चोवीस तासांची आठवण म्हणतात. पुस्तकात तिला जेमतेम अर्धं पान आहे, पण माझी सगळी उमेदवारी मला त्या अर्ध्या पानात दिसते.

खारा बांगडा बंद करायचा तर पेजेबरोबर काय, याचं उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर माणूस दोन दिवसांत पुन्हा त्याच डब्याकडे वळतो. सोडे, जवळा बहुधा नुसत्या उन्हात वाळवतात. समुद्राचं मीठ त्यांतही असतं, पण खाऱ्या बांगड्याइतकं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा मूठभर सोडे, धुऊन, कांद्यावर परतून. एरवी लसूण आणि ओलं खोबरं वाटून बिनमिठाची चटणी. आगळाऐवजी पाण्यात भिजवलेली बिनमिठाची सोलं. आजींना हे पटलं, कारण हे त्यांच्याच फडताळातलं होतं.

आता शहाळ्याबद्दल थोडं, कारण हे तुमच्यापैकी कुणाच्याही घरात घडू शकतं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना हातात शहाळं असतं. प्रेमाने नेलेलं असतं. पण मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं. मोठ्या पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात 500 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि अशा पेशंटला दिवसभरात मिळून बहुतेकदा 2000 ते 3000 मिलिग्रॅमचीच मुभा असते. रक्तात पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यांत सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेलं असतं. मूत्रपिंडाच्या पेशंटच्या घरात ती पाकिटं नकोत. शहाळं आणलंच असेल तर द्यायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा.

एकदा पंधरा-वीस दिवस जवळजवळ उपाशी असलेले एक गृहस्थ आले. वजन 45 किलो. त्यांच्या भावाला वाटलं, आता चांगलं पोटभर घालावं. आम्ही सुरुवात केली दिवसाला जेमतेम साडेचारशे कॅलरींनी. त्याआधी डॉक्टरांनी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, दिलं, रोज रक्त तपासलं. भाऊ चिडून म्हणाला, "वाटीवाटी पेजेवर माणूस जगेल काय?" त्याचा राग मला समजत होता. पण उपाशी शरीरात एकदम पिठूळ-गोड अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. त्यात हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. आठवड्याभराने ते गृहस्थ भात-आमटी जेवू लागले तेव्हा भावानेच ताट धरलं होतं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात त्या आजी तपासणीला आल्या. सूज उतरली होती. पण आता साखरही थोडी वाढली होती, म्हणून मी भाताचं प्रमाण लिहून दिलं, दोन वाट्या. आजींनी पिशवीतून धुवट फडक्यात गुंडाळलेली पितळेची वाटी काढली. "ही माझी वाटी. हिनेच वाढते मी." मी ती स्वयंपाकघरात नेली आणि मापाच्या भांड्याने तिच्यात पाणी ओतून पाहिलं. आमच्या कागदावरची वाटी 150 मिलिलिटरची. आजींच्या वाटीत 240 मावलं.

मी आधीचा कागद फाडला, वाटी पुसून आजींच्या हातात दिली आणि त्यांच्या शेजारी बसून नवा लिहायला घेतला.