उपाशीपोटीची साखर

पडद्यावर दिसणाऱ्या सदाशिव पेठेतल्या या स्वयंपाकघरात सकाळचे सात वाजले आहेत. आजींच्या बोटावरचा रक्ताचा थेंब नातीने पट्टीला लावला आहे आणि यंत्रावर आकडा उमटला आहे : १४८. काल रात्री आठ वाजता अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी खाल्ल्यानंतर पाण्याखेरीज त्यांच्या पोटात काहीही गेलेले नाही. ‘‘चोरून काही खाल्लं नाही गं मी,’’ असे त्या नातीला सांगतात, आणि ते खरेच आहे.

ही साखर ताटातून आलेली नसून त्यांच्या यकृताने ती रातोरात तयार केली आहे. झोपेतही मेंदूला ग्लुकोज लागते. म्हणून यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर मोडते आणि लॅक्टेट, ग्लिसरॉल व अमिनो आम्ले अशा शरीरातल्याच पदार्थांपासून नवे ग्लुकोज घडवते. एरवी इन्शुलिन या कामाला आवर घालते. टाइप २ मधुमेहात मात्र यकृत त्याला पुरेशी दाद देत नाही.

ही जांभळट फुले गॅलेगा या युरोपीय वनस्पतीची. तिच्यातल्या गॅलेजिन या द्रव्याशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन, म्हणजे आजींच्या मधुमेहाच्या गोळीतले औषध, १९२२ मध्ये डब्लिनमध्ये तयार झाले आणि विस्मरणात गेले. १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहासाठी पुढे आणले. त्यांनी दिलेल्या ‘ग्लुकोफाज’ या नावाचा अर्थ ग्लुकोज खाणारा, आणि तो थोडा फसवाच आहे, कारण हे औषध ग्लुकोज खात नाही, तर मुख्यतः यकृतात ते तयार होणे कमी करते.

आता पडद्यावर यकृताची पेशी आहे. ओसीटी-१ या वाहक प्रथिनाच्या दारातून औषध आत शिरते आणि मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतील ऊर्जानिर्मिती मंदावते. लॅक्टेटपासून ग्लुकोजचा एक रेणू घडवायला ऊर्जा वाहणाऱ्या सहा रेणूंचा खर्च येतो. ऊर्जेच्या तिजोरीत खडखडाट झाला की हा खर्च पेशीला परवडत नाही. २००१ मध्ये एएमपीके या विकराला (एन्झाइमला) औषधाच्या या परिणामाचे श्रेय दिले गेले, पण ते विकर यकृतात नसलेल्या उंदरांमध्येही औषध लागू पडते असे २०१० मध्ये दिसले, आणि २०१४ मध्ये आणखी एका विकराकडे बोट दाखवले गेले. इतकी जुनी आणि स्वस्त गोळी, आणि तिच्याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही.

रात्रीच्या जेवणानंतर आजी गोळी घेतात. तिचे रेणू शरीरात मोडत नाहीत, ते लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडतात. म्हणून मूत्रपिंडे फार अधू असतील तर ही गोळी देत नाहीत. तिच्यामुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, ते तपासून घ्यावे.