दात पडला, पिशवी फोडा

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी पेठ, गांधी मैदान. संध्याकाळचा खेळ.)

शाळा सुटली की इथं दप्तरांचे गोलपोस्ट होतात. तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्याला ज्या गावात पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात, तिथली पोरं फुटबॉल शिकत नाहीत, खेळतच मोठी होतात. आणि फुटबॉल म्हटलं की कोपर लागणार, डोक्याला डोकं आपटणार. एखादा तोंडावर हात दाबून उभा राहतो, बोटांतून रक्त येतं. पुढचा दात मातीत पडलेला असतो.

आधी पोराकडे बघायचं, दाताकडे नंतर. शुद्ध हरपली होती? उलटी होतेय? झापड येतेय? मग दात राहू दे, 108 ला फोन करा किंवा थेट सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा.

पोरगं ठीक असेल तर दात शोधा आणि तो दुधाचा की कायमचा ते बघा. वरचे मधले दोन दात साधारण 7 ते 8 व्या वर्षी नवे येतात. नव्या दाताची कड करवतीसारखी दातेरी असते. दुधाचा दात परत बसवायचा नाही. हिरडीत वाढणाऱ्या कायमच्या दाताला त्यानं इजा होऊ शकते. दवाखान्यात मात्र न्यायचं.

कायमचा दात असेल तर घड्याळाकडे लक्ष द्या. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. दात हाडाला पुन्हा धरेल तो त्याच थराच्या जोरावर. म्हणून माती लागली तरी रुमालानं खसाखसा पुसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली फार तर 10 सेकंद धरा, जागेवर सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. वाचायला अघोरी वाटतं, पण याहून चांगला उपाय नाही.

धाडस होत नसेल, तर दूध. दात त्यात बुडवून दवाखाना गाठायचा.

(दृश्य: रात्रीचा दूधकट्टा, म्हशी, फेसाळते ग्लास.)

म्हशीच्या धारेखाली ग्लास धरणाऱ्या गावाला दूध काय शिकवायचं! पण या एका कामापुरता धारोष्णाचा अभिमान बाजूला ठेवा. कोपऱ्यावरच्या दुकानातली थंड पिशवी आणा. ते दूध पाश्चराइज केलेलं, जंतू कमी. साखर नको, मसाला नको, गरम तर नकोच. पेशी त्यात काही तास तग धरतात. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात, आणि कोरड्या कागदात दात तासभर राहिला तर बहुतेक मरून जातात. दाताचा तुकडा पडला असेल तर तोही दुधातून न्या, पुष्कळदा चिकटवता येतो.

डॉक्टर हा दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं साधारण 2 आठवडे बांधून ठेवतात. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, तेही विचारा. दात बसला म्हणून तपासण्या सोडू नका. रंग काळवंडणं, हिरडीवर पुटकुळी येणं, हे महिन्यांनीही दिसतं.

(दृश्य: स्वयंपाकघर, रात्र.)

मार न लागताही आणीबाणी येते. रात्री दाढ ठणकते आणि आजी म्हणते, "मिश्री लाव बाळाला, थांबतंय बघ." मिश्री म्हणजे तंबाखू, ती लेकराच्या तोंडात घालायची नाही. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तर हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ, बाहेरून गार शेक, वयाच्या मापानं पॅरासिटामॉल, आणि सकाळी दवाखाना. गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

(दृश्य: रस्ता, मोपेड.)

टाळण्यासारखंही बरंच आहे. मोपेडवर पुढं उभं केलेलं पोरगं करकचून ब्रेक लागला की हँडलवर तोंडावर आपटतं. ही सवय गावानं सोडायलाच हवी. खेळाडूंसाठी दातांवर बसवायचा माउथगार्ड असतो. आपल्याकडे बुटांना पैसे निघतात, याला निघत नाहीत. वरचे दात पुढं असलेल्या मुलांना तर तो हवाच. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा दुकानात मिळतो, डॉक्टर मापानं बनवतात तो जास्त नीट बसतो. दात बदलत्या वयात माप बदलतं. सैल झाला की नवा घ्या.