नाईक ते सहायक फौजदार: हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे आयुष्य

(मंडळाच्या स्मृतिसभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मान्यवर अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, आणि भारतातून मुलांकडे राहायला आलेले ज्येष्ठ पाहुणे,

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात प्राण गमावलेल्या १६६ जणांना आदरांजली वाहण्यासाठी आपण जमलो आहोत. कार्यकारिणीने मला त्यांपैकी एकाच व्यक्तीविषयी बोलायला सांगितले, तेव्हा मी सहायक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे यांचे नाव निवडले. त्यांच्या अखेरच्या क्षणांविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. मला त्या क्षणांच्या आधीच्या आयुष्याविषयी बोलायचे आहे, कारण ते समजून घेतले नाही तर त्या रात्रीची कृती केवळ चमत्कार वाटत राहते, आणि तिला चमत्कार म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या केडंबे गावचे. डोंगरउतारावरची तुटपुंजी शेती आणि मुसळधार पाऊस असलेल्या या मुलखातल्या तरुणांपुढे पोटापाण्याच्या दोन वाटा पिढ्यान्‌पिढ्या असत: एक मुंबईची, जिथे जावळी-पाटणच्या हजारो माणसांनी माथाडी म्हणून पाठीवर ओझी वाहिली, आणि दुसरी फौजेची. साताऱ्यात घरटी एक माणूस सैन्यात देणारे अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते, आणि देशातील पहिली सैनिकी शाळाही १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. ओंबळे यांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा एकापाठोपाठ एक आल्या.

सैन्यात ते सिग्नल कोअरमध्ये होते. ‘तीव्र चौकस’ हे या कोअरचे ब्रीद. आघाडीवरची तुकडी आणि मागचे मुख्यालय यांच्यातला संपर्क तुटू न देणे हे तिचे काम असते, आणि ज्याच्या हाती वायरलेस संच असतो त्याला आजूबाजूला काहीही चाललेले असले तरी कानावर आलेला निरोप नीट ऐकून पुढे पोहोचवावाच लागतो. तेथून ते नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले. आपल्याकडे जवानाची निवृत्ती नोकरदाराच्या निवृत्तीपेक्षा फार लवकर, बहुधा चाळिशीच्या आतच येते. पेन्शन सुरू होते, पण मुलांची शिक्षणे आणि लग्ने पुढेच असतात. अशा माजी सैनिकांसाठी राज्याच्या नोकरभरतीत राखीव जागा असतात. ओंबळे १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाले. फौजेत बढती मिळवलेल्या माणसाने दुसऱ्या खात्यात पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती करणाऱ्या शेकडो माजी सैनिकांचे कौतुक आपण फारसे करत नाही, याची मला खंत वाटते.

ज्या खात्यात ते आले, त्याची पुढची वर्षे कशी गेली हे मुंबईकरांना सांगायला नको. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, २६ जुलै २००५ चा महापूर, ११ जुलै २००६ चे लोकलमधील स्फोट, आणि या सगळ्यांच्या मध्ये दरवर्षीचा गणपतीचा बंदोबस्त. माझे बालपण पोलीस वसाहतीत गेले, त्यामुळे हे आयुष्य आतून कसे असते ते मी पाहिले आहे. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत रात्रपाळी करून आलेले वडील पडद्याआड झोपलेले असत आणि आम्ही भावंडे बाहेरच्या व्हरांड्यात पुस्तके घेऊन बसत असू; अनंत चतुर्दशीला सगळे शहर रस्त्यावर असे, आणि आमच्या चाळीत एकाही घरात वडील नसत. बारा तासांची पाळी तेव्हा गृहीतच धरलेली होती. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यापासून सुरू झाला तो २०१६ मध्ये, म्हणजे ओंबळे गेल्यानंतर आठ वर्षांनी. चार मुलींच्या या बापाने आपले घर याच वेळापत्रकात उभे केले, आणि त्यांच्या पत्नीने ते सांभाळले.

त्या रात्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लावली होती. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालयातील हत्याकांडानंतर, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना मारून दोन दहशतवादी एका स्कोडा गाडीतून तिकडे येत असल्याचा निरोप वायरलेसवर आला. मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी अडथळ्यांच्या अलीकडे थांबली, तिने प्रखर दिवे लावले, काचेवर पाण्याचे फवारे उडवून आतले काही दिसू नये अशी सोय केली, मग वळून निसटण्याचा प्रयत्न करताना ती दुभाजकावर अडकली. गोळीबारात चालवणारा ठार झाला. दुसरा, अजमल कसाब, शरण येतोय असे वाटत असतानाच त्याने एके-४७ उचलली. ओंबळे यांच्याकडे बंदूक नव्हती. हातात होती ती लाठी. ते पुढे झाले आणि त्यांनी त्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. कसाबने चाप ओढला, अनेक गोळ्या त्यांच्या शरीरात शिरल्या, तरी पकड सुटली नाही, आणि तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबवर झडप घातली. या झटापटीत सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकरही जखमी झाले.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हल्ल्यात सामील झालेल्या दहा जणांपैकी हा एकच जिवंत हाती लागला. तो बोलला, म्हणून कट कुठे शिजला, माणसे समुद्रमार्गे कशी आली याचा धागा तपासयंत्रणांना मिळाला. तो आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये मान्य करावे लागले. त्याला वकील मिळाला, न्यायाधीश एम. एल. ताहलियानी यांच्यासमोर खुला खटला चालला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयात अपील झाले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. ज्याने पोलिसाला मारले, त्यालाही कायद्याच्या प्रत्येक पायरीवरून नेणारा देश आपण आहोत, हे जगाला दाखवता आले ते एका सहायक फौजदारामुळे.

२६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा आहे, आणि ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले.

महाराष्ट्रात पोलीस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. ओंबळे यांना ती निवृत्ती मिळाली नाही; मुलीकडे परदेशी जाऊन सहा महिने राहावे, नातवंडांना शाळेत सोडावे, हे त्यांच्या वाट्याला आले नाही. आज या सभागृहात मात्र असे चार-पाच ज्येष्ठ बसलेले आहेत, ज्यांनी फौजेत किंवा पोलीस खात्यात हयात काढली आणि जे त्याविषयी स्वतःहून कधी बोलत नाहीत. मंडळाने त्यांच्या आठवणी मराठीतून ध्वनिमुद्रित करण्याचे ठरवले आहे. आपल्या आईवडिलांच्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली असेल, तर आजच चहाच्या वेळी कार्यवाहांकडे नाव नोंदवा. यंत्र घेऊन आम्ही तुमच्या घरी येऊ.